मे महिन्यातली कानटोपी

मित्रांनो, मी एक जुनी कानटोपी आहे, आणि राहते कुठे म्हणाल, तर जळगावात. हसलात ना? हसा, हसा. ज्या गावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथे लोकरीच्या कानटोपीला काय काम, असंच आलं ना मनात? सगळ्यांच्याच येतं. पण मी इथे बारा महिने कामावर असते. ते काम कोणतं, ते ऐकलंत तर पुढच्या वेळी भर उन्हात माझ्यासारखी एखादी दिसली, तरी हसणार नाही. पैज लावते.

माझा जन्म वरणगावचा. तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये बेबाबाई राहतात. विणकाम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुणाच्या तरी स्वेटरची तपकिरी लोकर उरली होती, कुणाच्या तरी मोज्यांची हिरवी. त्यांनी दोन्ही मिळवून मला विणलं आणि वर गोंडा लावला. मी काही रूपाने देखणी नव्हे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. "रंग कशाला बघायचा? ऊब बघायची," असं म्हणत बेबाबाईंनी मला त्यांच्या वडिलांच्या डोक्यावर चढवलं.

ते उखर्डूनाना. रावेरकडचे केळीवाले. थंडीत सकाळी सकाळी मी त्यांच्या डोक्यावर बसून बागेत जायची. केळीच्या पानांवरचं दव माझ्या गोंड्यावर पडायचं. फार सुखाचे दिवस होते ते, उगाच कशाला खोटं बोलू?

नानांचा मुलगा हितेंद्र, म्हणजे बेबाबाईंचा भाऊ. त्यांचं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आणि मेहरूणला घर. बायको ज्योत्स्नाताई. मोठी मुलगी मोनाली आणि धाकटा तेजस. मोनाली लहानपणापासून कमी बोलायची, आणि बोलायची ते नेमकं. गावी आली की बागेत ठिबकच्या नळीपाशी उकिडवी बसून थेंब पडताना बघत राहायची. टप. मग पुन्हा टप. एका वेळी एकच आवाज. तिच्याइतकं निवांत माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पण एकदा थंडीत गावात लग्न होतं. वरात आली, डीजे आला, फटाके आले, आणि मोनाली जमिनीवर बसून जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. बायका धावल्या. दृष्ट लागली म्हणे पोरीला! मिरच्या ओवाळून जाळल्या. वास आणि धूर, झालं, ती आणखीच बिथरली. हितेंद्रभाऊ तिला गप्प करायला तिच्यावरच ओरडले. तेवढ्यात नाना गर्दीतून आले, मला आपल्या डोक्यावरून काढलं आणि तिच्या कानांवरून खाली ओढलं. "हे घे व माय, तुले घे," एवढंच म्हणाले.

ती थांबली. डोळे मिटून माझ्या दोन्ही बाजू हातांनी घट्ट धरून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज लागतो."

पायाला दगड लागतो, तसा तिला आवाज लागतो. साधी गोष्ट. पण त्या गोंधळात ती ऐकली फक्त नानांनी आणि मी. त्या दिवसापासून मी मोनालीची झाले. नाना आज नाहीत, पण त्यांनी मला जिच्या हाती दिलं, तिथेच मी आहे.

आता तुम्हाला आमच्या खानदेशाची गंमत सांगते. उन्हाळ्यात इथे सगळेच कान बांधतात. रुमाल, उपरणं, ओढणी, जे हाताला लागेल ते. त्यामुळे मे महिन्यात लोकांना वाटायचं, बिचारीला ऊन लागलंय. बसस्टँडवर एखादी म्हातारी यायची आणि मोनालीच्या हातात कांदा ठेवायची. "जवळ ठेव बाई, ऊन बाधत नाही." घरी आलो की ज्योत्स्नाताई पर्समधून कांदे काढून टोपलीत टाकायच्या. मनाने चांगलीच माणसं हो ही. फक्त कान झाकले की ऊन, यापलीकडे त्यांना काही सुचायचं नाही. आणि पावसाळ्यात? दिवाळीत? तेव्हा मात्र बघून बघून जायचे.

ते बघणं हितेंद्रभाऊंना सहन व्हायचं नाही. वाईट माणूस नव्हे तो. लेकीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारा बाप. पण चारचौघांत गेलं की त्यांचा हात आपोआप माझ्याकडे यायचा. "काढ ती. लोक बघताहेत." आणि खस्सकन मला ओढायचे. माझे टाके उसवायचे, आणि तिचं काय व्हायचं ते काय सांगू?

एकदा जळगावातच सिनेमाला गेलो. दारातच त्यांनी मला खिशात कोंबलं. आतून मला तिचं ओरडणं ऐकू आलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अशांना घरी ठेवावं हो." ते वाक्य बापाच्या काळजात रुतलं. पुढे लग्नकार्य असो की बारसं, मोनाली घरी. मला तर त्यांनी डांबरगोळ्या घालून ट्रंकेत टाकलं. अंधार, वास आणि वरून जुन्या रजया. मोनाली ट्रंकेशेजारी बसून राहायची. शेवटी ज्योत्स्नाताईंनीच कडी काढली. "तिचा जीव आहे त्यात, आणि तुम्हाला लोकांचं पडलंय!" असं त्या नवऱ्याला पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. आजही मला त्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतात, आणि मी वाळेपर्यंत मोनाली दोरीखाली उभी असते.

त्याच ज्योत्स्नाताई तिला धुळ्याला प्रमिलाबाईंकडे घेऊन गेल्या. प्रमिलाबाई अशा मुलामुलींची शाळा चालवतात. त्यांनी नाव सांगितलं, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. मी डोक्यावर बसून ऐकत होते. म्हटलं, मग्न कसली बाई? हिला तर सगळ्या जगाचं ऐकू येतं!

नाव कळलं, पण बापाचा हात काही थांबला नाही. आणि मग तेजसचं लग्न ठरलं. नरडाण्याची मुलगी, छान स्थळ. घरात आनंदीआनंद, आणि एक दिवस हितेंद्रभाऊ म्हणाले, "लग्नात मोनालीला वरणगावला ठेवू. बेबाअक्काची शेजारीण सांभाळेल." सख्ख्या भावाचं लग्न, मित्रांनो! तेजस चिडला, ज्योत्स्नाताई रडल्या, पण भाऊ ऐकेनात. मोनालीने लग्नासाठी घेतलेली साडी घडी करून ठेवली. उलगडून पुन्हा घडी केली. "मी येणार," ती म्हणाली. त्या घडीवर तिने मला ठेवलं, तेव्हा मला फार भरून आलं.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात प्रमिलाबाईंचा फोन आला. ऑटिझम असलेल्या एका मुलीवर सिनेमा निघाला होता, आणि धुळ्याच्या एका जुन्या टॉकीजमध्ये त्यांनी आपल्या मुलांसाठी सकाळचा खेळ ठरवला होता. दिवे अर्धे चालू, आवाज कमी, उठलं तरी चालेल, ओरडलं तरी चालेल. हितेंद्रभाऊ यायलाच तयार नव्हते. "वडिलांनी आलंच पाहिजे," प्रमिलाबाईंनी दटावलं. त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

एरंडोल, पारोळा करत आम्ही धुळ्याला पोचलो. टॉकीजच्या दारात भाऊंचा हात सवयीने माझ्याकडे आला. तिथे दुसरा एक मुलगा कानांवर उशी बांधून उभा होता. भाऊंनी ते पाहिलं आणि हात मागे घेतला.

सिनेमाचं नाव मला विचारू नका, मी पडले कानटोपी, मला वाचता येत नाही. पण सिनेमा मी सगळा पाहिला. पडद्यावरची मुलगी डोळ्यांपुढे बोटं हलवायची. मोनालीने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तीपण," ती म्हणाली. ती मुलगी जेवताना भात आणि वरण वेगळं ठेवायची. "तीपण." दर वेळी आवाज थोडा मोठा, आणि मी तिच्या गालाला टेकलेली असल्याने मला कळत होतं, ती हसत होती. इतकी वर्षं तिच्यासारखं कुणी तिने सिनेमात पाहिलंच नव्हतं हो!

सगळंच काही तिच्यासारखं नव्हतं. ती पडद्यावरची मुलगी मोठमोठे गुणाकार चुटकीसरशी करायची. मोनाली मोठ्याने म्हणाली, "मला पाढे येत नाहीत." मागून प्रमिलाबाई तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "मलाही नाही येत गं!" सगळं थिएटर हसलं. तिला हसले नाहीत, तिच्याबरोबर हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

आणि मग तो प्रसंग आला. मुलीच्या घरी पाहुणे आले होते. फोडणी, कुकरची शिट्टी, पंखा, बांगड्या, पिशवीची सळसळ, कुणाचा तरी खोकला, बाहेरचा हॉर्न. आवाज मोठे नव्हते. पण एकही मागे हटत नव्हता. सगळे एकदम, सगळे कानाशी. तुमच्या कानात, मित्रांनो, काही आवाज पुढे येतात आणि बाकीचे शहाण्यासारखे मागे बसतात. तिच्या कानात कुणीच मागे बसत नाही. सिनेमावाल्यांनी ते कसं काय पकडलं, देव जाणे. त्यांचं भलं होवो.

मी हितेंद्रभाऊंकडे पाहिलं. कपाळाला घाम. ते खुर्चीत आक्रसले. आणि त्यांनी दोन्ही हात आपल्या कानांवर दाबले.

मोनालीनेही ते पाहिलं. तिने मला डोक्यावरून काढलं आणि पप्पांच्या डोक्यावर घातलं. नानांनी घातलं होतं, तसंच कानांवरून खाली ओढलं. "हे घ्या," ती म्हणाली. स्वतः मात्र तळव्यांनी कान दाबून, डोळे मिटून, तो प्रसंग संपेपर्यंत बसून राहिली.

मी त्या डोक्यावर पहिल्यांदाच बसले होते. ते डोकं हुंदक्यांनी हलत होतं.

परतीच्या वाटेवर पारोळा आलं, तसे भाऊ मोनालीकडे वळले. मग म्हणाले, "बेटा, तुला रोज असं ऐकू येतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं," मोनाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आवाज लागतो."

घरी पोचल्यावर भाऊंनी एकच फोन केला, बेबाअक्कांना. "मोनाली तिकडे येत नाही. ती लग्नाला येतेय."

नरडाण्याला मांडवात ऊन मी म्हणत होतं. आमच्याकडे वराच्या बापाचा मान म्हणजे टॉवेल-टोपी. भर मांडवात व्याही येतो, गळ्यात टॉवेल घालतो, डोक्यावर पांढरी टोपी ठेवतो, आणि सगळा गाव बघतो. व्याही रुपचंदआबा ताट घेऊन उठले, आणि तेवढ्यात बाहेर पोरांनी डीजे लावला. नको सांगूनही लावला, पोरंच ती! साडीतली मोनाली कानांवर हात दाबून खाली बसली. मी होते ज्योत्स्नाताईंच्या पिशवीत, फोटोपुरती काढून ठेवलेली.

आबांनी टोपी उचलली. भाऊ म्हणाले, "थांबा आबा. आधी माझ्या लेकीची टोपी."

त्यांनी पिशवीतून मला काढलं. सगळ्या मांडवासमोर, दोन्ही हातांनी, एकेक कान झाकत मला मोनालीच्या डोक्यावर घातलं आणि गोंडा सरळ केला. ज्या हातांनी मला इतकी वर्षं ओढलं, तेच हे हात. मी कृतार्थ झाले, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आबा गोंधळले. "पोरले ऊन लागनं का, भाऊ?"

"नाही, आबा. तिला आवाज लागतो."

आबांनी टोपी परत ताटात ठेवली. मग बाहेर वळून गरजले, "बंद करा रे ते बठ्ठं!" डीजे थांबला. तेव्हाच हितेंद्रभाऊंनी आपलं डोकं पुढे केलं. फोटोत आम्ही शेजारी शेजारी आहोत, व्याह्यांची पांढरी टोपी आणि मी. मोनाली अक्षता पडेपर्यंत बसली, आणि वाजंत्री सुरू व्हायच्या आत स्वतःहून गाडीत जाऊन बसली. तिला तेवढं पुरलं, आणि कुणी तिला अडवलं नाही.

मित्रांनो, आता माझी लोकर विरली आहे, आणि बेबाबाईंनी नव्या टोपीच्या सुया हातात घेतल्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. उबेचं काम ज्याला जमेल त्याने करावं. तुम्हाला फक्त एवढंच सांगते: कुणी विचित्र दिसलं, भर उन्हात कान झाकून बसलं, तर हसू नका, कांदाही देऊ नका, आणि टोपी तर मुळीच ओढू नका. जवळ बसा आणि विचारा, तुला काय त्रास होतो? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित ते उत्तर आधीच देऊन झालेलं असेल. मोनालीने तर ते कधीचंच दिलं होतं.