वेळ लिहिणारा

प्रेमाक्कांच्या वह्या घेऊन रविवारी पहाटे धूमकेतू बघायला होसकोट्याला या, एवढंच उपेंद्रनं फोनवर सांगितलं असतं तर दामोदरांना सोपं गेलं असतं. पण उपेंद्र सरळ माणूस. तो आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाचा सेक्रेटरी. घराणं चार-पाच पिढ्यांपासून बेंगळुरूत, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. दामोदरांच्या बायकोच्या, म्हणजे प्रेमाच्या, वह्यांचे फोटो त्याला त्यांच्या मुलीनं, यशश्रीनं, आधीच पाठवले होते. वह्या मंडळाच्या संग्रहात ठेवायच्या आणि त्यांतल्या धूमकेतूंच्या नोंदी छापील यादीत घ्यायच्या, असं ठरलं होतं.

"एकच आहे अण्णा," उपेंद्र म्हणाला. "शहाण्णव सालच्या ह्याकुताके धूमकेतूची तीन पानं यादीत घेता यायची नाहीत. प्रेमाक्कांचा हात चांगला, पण धूमकेतूची जागा स्वल्प सरकलीय. तिन्ही पानांवर. आधीच्या सेक्रेटरींनी पण तेव्हा तसंच लिहून ठेवलंय. ती पानं आपण फ्रेम करून लावू, यादीत नको. सरी ना?"

दामोदर सरी म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ ते गॅलरीत उभे राहिले. खाली व्हाइटफील्डची वाहतूक नेहमीसारखी तुंबलेली होती. मार्चमध्ये प्रेमा गेली आणि यशश्रीनं त्यांना आपल्याकडे आणलं, त्याला सहा महिने झाले होते.

जागा सरकलेली नव्हती. हे जगात एकट्या दामोदरांना माहीत होतं, आणि अठ्ठावीस वर्षं माहीत होतं.

प्रेमा धूमकेतू बघायची तेव्हा वेळ लिहायचं काम दामोदरांचं. दुर्बीण तिच्या हातात, मांडीवर पाटी, पाटीला चिमट्यानं लावलेला कागद. ती आधी आजूबाजूचे तारे काढायची, मग धूमकेतू त्यांच्यामध्ये ठेवायची आणि टेकवलेली पेन्सिल उचलताना हळूच "आता" म्हणायची. दामोदर गच्चीच्या जिन्यात बसून टॉर्चच्या उजेडात मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि वेळ टिपायचे. तिच्या डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असायची, ती मोडू नये म्हणून ते जिन्यात. टॉर्चला पतंगाचा लाल कागद लावलेला होता, तरी ती म्हणायची, तुमचा उजेड माझ्या डोळ्यांत नको. त्यामुळे १९८६ पासून घरात धूमकेतूंच्या नोंदी झाल्या, पण दामोदरांनी धूमकेतू असा धड बघितला नव्हता. ती बोलवायची. ते येऊन वर बघायचे, उजेडानं दिपलेल्या डोळ्यांना काहीच दिसायचं नाही, आणि ते छान आहे म्हणून परत जिन्यात जायचे.

तेव्हा ते यशवंतपूरच्या पलीकडे कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत. सकाळी सातला भोंगा झाला की गेट बंद. तिसऱ्या लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापत. म्हणून क्वार्टर्समधल्या निम्म्या लोकांची घड्याळं दहा मिनिटं पुढे असायची. दामोदर दर रविवारी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावत आणि मग मुद्दाम दहा मिनिटं पुढे सरकवत. दिवसा ते मनातल्या मनात दहा वजा करत, त्याचा विचारही करावा लागत नसे. पण रात्री दीड-दोन वाजता अर्धवट झोपेत प्रेमा "आता" म्हणाली की काट्यांवर दिसेल ते लिहीत.

हॅलेच्या वेळी कुणाला काही कळलं नाही. तो इतका सावकाश चालला होता की दहा मिनिटांनी काही बिघडत नव्हतं. ह्याकुताके पृथ्वीच्या फार जवळून गेला. मार्चच्या त्या दोन-तीन रात्री तो ताऱ्यांमधून जवळजवळ डोळ्यांदेखत सरकत होता. दहा मिनिटांत पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतका. प्रेमानं त्याला बरोबर जागी काढलं आणि दामोदरांनी त्याच्याखाली चुकीची वेळ लिहिली.

त्या तीन पानांच्या नकला प्रेमानं मंडळाला पाठवल्या. महिन्याभरानं मंडळाचं पत्र आलं. दर वेळी धूमकेतू असायला हवा त्याच्या मागे काढलेला आहे, सबब नोंद घेता येत नाही, निरीक्षकाची नजर अजून तयार व्हायची आहे. दामोदर कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मापातली चूक नेहमी एकाच बाजूला पडत असेल तर ती माणसाची नसून मोजायच्या साधनाची असते, हे ते नव्या पोरांना शिकवायचे. पत्र वाचल्यावर त्यांना हे कळायला काहीच वेळ लागला नाही.

रात्री सांगू असं त्यांनी ठरवलं. मग रविवारी सांगू असं ठरवलं. पुढच्या वर्षी हेल-बॉप आला. तो महिनाभर संध्याकाळी नुसत्या डोळ्यांना दिसत होता, सगळी क्वार्टर्स गच्चीवर. प्रेमानं पाटी काढली नाही. वहीत तिनं लिहिलं, "दिसला. छान होता." त्यानंतरच्या सगळ्या पानांवर एवढंच आहे. दामोदरांनी स्वतःची समजूत घातली की तिच्या हौसेचा भर ओसरला असेल. आता सांगून जुनं कशाला उकरायचं.

रविवारी पहाटे पावणेचारला यशश्रीनं गाडी काढली. रस्ता मोकळा होता. ती म्हणाली की वेदर अॅपवर क्लाउड दाखवतंय, उगाच होप्स नको ठेवायला. दामोदर वह्या आणि प्रेमाची दुर्बीण असलेली पिशवी मांडीवर धरून बसले होते. ती मागच्या सीटवर ठेवा म्हणून तिनं दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

होसकोट्याच्या तळ्याच्या बांधावर सात-आठ माणसं आधीच जमली होती. उपेंद्रनं दामोदरांना खुर्ची दिली, हातात थर्मासमधली कॉफी दिली आणि समोर कुठे बघायचं ते दाखवलं. पूर्वेला खाली ढगांची एक पट्टी होती. तिच्या वर मोकळं होतं, चंद्राची बारीक कोर वर आलेली. सगळे हळू आवाजात बोलत होते. दिव्यश्री नावाच्या एका बाईंनी मांडीवर पॅड घेतलं होतं आणि त्या आधीच तारे काढायला लागल्या होत्या. पेन्सिल धरण्याची त्यांची पद्धत वेगळी होती, पण मान तशीच कलती. दामोदरांनी नजर दुसरीकडे वळवली.

दिव्यश्रींनी यशश्रीला विचारलं की आईंच्या वह्यांमध्ये शहाण्णवनंतर चित्रं का नाहीत. यशश्री म्हणाली, "माझ्यामुळे. मी आठ वर्षांची होते, मला दमा होता. रात्री-अपरात्री माझ्याजवळ कुणीतरी लागायचं. आई कुणालाही हेच सांगायची, पोरीच्या दम्यामुळे सुटलं म्हणून. तिनं कधी ब्लेम केलं नाही हं. पण माझ्या ते डोक्यात राहिलंच."

दामोदर हे पहिल्यांदाच ऐकत होते. प्रेमा असं सांगायची हेही त्यांना माहीत नव्हतं. दमा खरा होता, पण शहाण्णवच्या आधीही होता आणि तेव्हा प्रेमा चित्रं काढायची. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

पाच वाजून गेल्यावर कुणीतरी "दिसला" म्हणालं. उपेंद्रनं दामोदरांच्या हातात प्रेमाची दुर्बीण दिली आणि त्यांचा कोपर धरून योग्य दिशेला वळवला. आधी नुसता अंधार दिसला, मग ढगाची कड. थोडं वर सरकल्यावर एक तारा दिसला, पण तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार नव्हता. त्याच्यातून वरच्या बाजूला फिकट उजेडाचा एक पट्टा निघाला होता, सरळ उभा, वर जाताना रुंद आणि पातळ होत गेलेला. बोटानं खडू पुसावा तसा. त्यांच्या हातात टॉर्च नव्हता, अर्धा तास ते अंधारात बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना धूमकेतू नीट दिसत होता. एवढं स्पष्ट असतं, असं त्यांच्या मनात आलं. इतकं स्पष्ट दिसणारं काढायला ती चुकेल कशी, आणि ती चुकलेय असं तिला स्वतःला वाटू द्यायचं, हे आपण केलं.

"आता," दिव्यश्री म्हणाल्या. "वेळ कुणी सांगेल का?"

उपेंद्र कॅमेऱ्यात गुंतला होता. खुर्ची जवळ होती ती दामोदरांची. त्यांनी खिशातून फोन काढून बघितला. पाच वाजून चौदा मिनिटं. फोनवरची वेळ बरोबर आहे की नाही, हे ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. दिव्यश्रींनी परत विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला, मग उठून उपेंद्रजवळ गेले आणि म्हणाले की मला एक सांगायचंय. आत्ताच, यशश्री इथे असताना.

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भोंगा, लेट मार्क, रविवारचा रेडिओ, दहा मिनिटं. पत्र आलं त्या दिवशीच आपल्याला कळलं होतं, हेही सांगितलं. कुठेही थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुढचं वाक्य येणार नाही असं त्यांना वाटत होतं.

उपेंद्रनं डोकं खाजवलं. "दहाच? आठ नाही, बारा नाही? नक्की ना अण्णा?"

"दहा. दर रविवारी मीच लावायचो."

"मग बघून टाकू की."

त्याचा लॅपटॉप गाडीत होता. आकाश कुठल्याही तारखेला मागे नेऊन दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात होतं. दामोदरांनी पिशवीतून वही काढून ते पान उघडलं. २५ मार्च १९९६, रात्री १ वाजून ५२ मिनिटं, असं त्यांच्याच अक्षरात. वर प्रेमाचे तारे, सप्तर्षींच्या शेवटच्या ताऱ्याच्या बाजूचे, आणि दोन बारक्या ताऱ्यांच्या बरोबर मधोमध धूमकेतूचं डोकं. उपेंद्रनं १ वाजून ५२ घातले. पडद्यावर धूमकेतू त्या दोघांना ओलांडून पुढे गेलेला होता. मग त्यानं ४२ केले.

डोकं मागे आलं आणि दोन ताऱ्यांच्या मध्ये थांबलं. उपेंद्रनं वही पडद्याशेजारी धरली, डोळे बारीक केले, पडदा मोठा करून पाहिला. उरलेली दोन पानंही त्यानं तशीच तपासली. बाकीची माणसं आता त्यांच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "तिन्ही. अण्णा, साध्या दुर्बिणीतून इतकं नेमकं मला जमायचं नाही."

त्यानं तिथेच ठरवलं की तिन्ही नोंदी दुरुस्त वेळेसह यादीत जातील, निरीक्षक म्हणून प्रेमाक्कांचं नाव. फक्त वेळ का बदलली याचा खुलासा वहीत लिहून सही करावी लागेल. दामोदरांनी पेन मागितलं. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून त्यांनी लिहिलं की १९८६ ते १९९६ या काळातल्या सगळ्या वेळा दहा मिनिटे पुढे आहेत, घड्याळ मुद्दाम पुढे ठेवलेले होते. पुढे लिहिलं, 'वेळ लिहिणाऱ्याला हे एप्रिल १९९६ पासून माहीत होते.'

उपेंद्र वाचून घुटमळला. त्या शेवटच्या ओळीची गरज नाही, लक्षात आलं नव्हतं असं लिहिलं तरी चालतं, यादीला काही फरक पडत नाही, असं तो म्हणाला. दामोदरांनी यशश्रीकडे बघितलं. ती तळ्याकडे तोंड करून उभी होती. त्यांनी ओळ तशीच ठेवली आणि खाली सही केली.

तोवर उजाडायला लागलं होतं. पूर्वेला आता धूमकेतू कुणालाच सापडत नव्हता. लोक तिपाया आवरत होते. दिव्यश्रींनी आपलं चित्र दामोदरांना दाखवलं आणि त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

परतताना हमरस्त्यावर ऑफिसच्या गाड्या नसल्या तरी लॉऱ्यांची गर्दी सुरू झाली होती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा यशश्रीनं समोर बघतच म्हटलं, "अठ्ठावीस वर्षं, बाबा."

"हो."

"मी तिला सॉरी म्हटलं होतं. हॉस्पिटलमध्ये. माझ्यामुळे तुझं ते राहिलं म्हणून. ती म्हणाली, असू दे गं."

प्रेमाला खरं कारण माहीत होतं असं नव्हे. तिला फक्त आपल्या नजरेची खात्री उरली नव्हती आणि ते सांगण्यापेक्षा पोरीचा दमा सांगणं तिला सोपं गेलं होतं. हे सगळं दामोदर मनात जुळवत होते, पण बोलले नाहीत. बोलले असते तर ते स्वतःची बाजू मांडल्यासारखं झालं असतं.

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर यशश्रीनं विचारलं, "पत्र आलं त्या दिवशी आई काय म्हणाली?"

"माझ्या हातात दिलं. म्हणाली, नजर तयार व्हायचीय म्हणे माझी. हसली थोडी. मग जेवायला पानं घेतली."

"आणि तुम्ही?"

"मी जेवलो," दामोदर म्हणाले.

यशश्रीनं मान हलवली. गाडी व्हाइटफील्डकडे वळली तेव्हा सूर्य बराच वर आला होता, आणि तिनं हात लांब करून त्यांच्या बाजूची काचेवरची झडप खाली ओढली, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून.