रीताची विहीर

आमच्या गावाची एक खोड आहे. बाहेरच्याने विचारलं की सारं बरंच सांगायचं. माझ्या सासूबाई अंगात ताप असला तरी पाहुण्याला म्हणायच्या, "मजेत हावो." आल्या माणसाला रडगाणं ऐकवणं आम्हाला कमीपणाचं वाटतं.

मागच्या वर्षी आरोग्य उपकेंद्राबद्दल लोकांचं मत विचारायला मुली घरोघरी आल्या, तेव्हा तेच झालं. तिथली नर्स रीता सगळ्यांची लाडकी. तिचं नाव होईल म्हणून गावाने पाण्याला पाचपैकी पाच गुण दिले, विजेलाही पाच. इथे काही कमी नाही असं वर कळलं आणि नळ दुसऱ्या गावाच्या उपकेंद्राला मिळाला. रीता गावातल्या बायांच्या बाळंतपणातही लांबच्या बोअरिंगवरून बादल्या आणत राहिली. उन्हाळ्यात बोअरिंग आटलं की बाईला तिरोड्याच्या दवाखान्यात न्यावं लागायचं.

यंदा धान कापून झाल्यावर खुशी नावाची मुलगी मोबाइल घेऊन त्याच कामाला आली. माझ्या ओट्यावर बाया बसल्या होत्या.

"उपकेंद्रात पाण्याची सोय कशी आहे?" तिने विचारलं.

"मस्त हाय," शेजारची फुलवंता म्हणाली.

"काऊन वो खोटं बोलून राहिली?" मी म्हटलं. "उन्हाळ्यात तुह्याच सुनेचं बाळंतपण हाय ना?"

"मंग का रीताचं नाव खराब करू? पोरगी किती राबते."

मला माझी आई आठवली. माझ्या लग्नानंतर ती पहिल्यांदा माझ्या सासरी आली, तेव्हा चहाच्या आधी परसात जाऊन विहीर पाहून आली होती. तेव्हा सगळ्याच आया तसं करत. कोणी वाईट मानत नसे.

"फुलवंता, पोरीच्या सासरी गेली का, तू पहिले काय पाहतेस?"

"पानी किती दूर हाय ते."

"मंग रीताले आपली पोरगी समज अन् तिची विहीर सांग."

ती खुशीकडे वळली. "लिही वो माय. पोरीले पानी लय दुरून आना लागते. उन्हाळ्यात तेही नाई."

मग सगळ्याच बोलू लागल्या. दिवे जात राहतात, संडासाला दार नाही. पुष्पाबाईने तर एसटीचीही तक्रार सांगून टाकली.

"आजी, एसटीचा सवाल माझ्याकडे नाही," खुशी हसत म्हणाली. "आणि नर्सची वागणूक?"

"पाच," फुलवंता म्हणाली. "सहा राहतीन त सहा लिही."

होळीनंतर उपकेंद्रात नळ आला. जेठात फुलवंताला तिथेच नात झाली, तिरोड्याला जावं लागलं नाही. मी बाळ पाहायला गेले, तेव्हा फुलवंता नळाशी पाण्याचा पितळी गुंड घेऊन खटपट करत होती.

"तोटी लय खाली बसवली," ती कुरकुरली. "गुंडच मावत नाई. ते खुशी परत कवा येते वो?"