सीटखालचं बटन

प्रशांतची पहिली मोटारसायकल शिर्डीतल्या एका हॉटेलच्या मागून चोरीला गेली. आत तो पंख्यांचं फिटिंग करत होता. दुपारी बाहेर आला, तर जागेवर नुसता ऑइलचा डाग. त्या दिवशी तो पकड आणि टेस्टर हातात घेऊन राहात्याजवळच्या वस्तीवर चालत आला, आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलला नाही.

दुसरी गाडी त्यानं जुनी घेतली, पण जिवापाड जपली. हँडल लॉक, पुढच्या चाकात साखळी, पेट्रोलचा कॉक बंद. शिवाय स्वतः वायरमन, म्हणून त्यानं गाडीत कुठंतरी एक चोरबटन बसवलं. ते दाबल्याशिवाय प्लगला करंटच जायचा नाही. कितीही किका मारा. ते कुठं आहे, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

‘‘मला तरी सांगा,’’ बायको दीपा म्हणाली होती.

‘‘दुसऱ्याला कळलं की गुपित ऱ्हात न्हाई.’’

ती तेव्हा हसली. पण भांडी घासताना तिला वाटत राहिलं, आपण यांच्यासाठी ‘दुसरे’ कधीपासून झालो?

गेल्या महिन्यात प्रशांत शिडीवरून पडला. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. गाडी अंगणात उभी, आणि हा दारातल्या खाटेवरून तिच्याकडे बघत बसलेला.

एका सकाळी देवळाली प्रवराहून दीपाच्या माहेरच्या शेजारणीचा, सुरेखाचा, फोन आला. ‘‘तुझी आई चक्कर येऊन पडली गं. शुद्धीवर हाय, पण उठत न्हाई. घाबरलीय लई.’’

वडील, अण्णा, गेल्यापासून दीपाची आई भागिरथी एकटीच राहायची. दीपानं फोन ठेवला, पदर खोचला आणि नवऱ्यापुढं हात केला. ‘‘चावी द्या.’’

‘‘तुला येती चालवायला?’’

‘‘अण्णांची चालवायचे मी, लग्नाआधी. तुमी कधी इचारलंच न्हाई.’’

प्रशांतनं उशाखालून चावी काढून दिली. तिनं साखळी सोडली, कॉक उघडला, गाडी उताराला लावली आणि किक मारली. काही नाही. दुसरी मारली, पाचवी मारली. तिच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांत पाणी. ‘‘आई तिकडं पडलीय आन् ही...’’

‘‘थांब,’’ प्रशांत म्हणाला. त्याला काय झालंय ते कळलं होतं, आणि शरमही वाटली. ‘‘सीटखाली हात घाल. डाव्या अंगाला. वायरींच्या मागं बारकं बटन हाय, दिव्याला असतं तसलं.’’

तिची बोटं चाचपत गेली. टिक् वाजलं.

‘‘आधीच सांगाया पायजे हुतं तुला,’’ तो म्हणाला.

‘‘व्हय, पायजे हुतं,’’ ती म्हणाली. पुढच्या किकेला गाडी सुरू झाली.

तासाभरात ती पोचली. सुरेखाला सोबत घेऊन आईला आधार देत रिक्षात बसवलं, डॉक्टरकडं नेलं. रक्तदाब खूप उतरला होता. सलाईन लागलं. दुपारी आईनं डोळे उघडून भात मागितला, तेव्हा कुठं दीपानं नवऱ्याला फोन लावला. गाडी कुठं लावली, साखळी घातली का, असंच तो आधी विचारणार, हे ती धरूनच होती.

‘‘आईंना कसं हाय? आन् तू काय खाल्लंस?’’ तो म्हणाला.

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं तिलाच राहवलं नाही. ‘‘अवो, गाडीचं इचारा की.’’

‘‘तुझ्याजवळ हाय न्हवं? मग झालं.’’

दीपा हॉस्पिटलच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली. सुरेखानं घाबरून विचारलं, तर म्हणाली, ‘‘काय न्हाई, जीव हलका झाला.’’

चौथ्या दिवशी डॉक्टरनं परवानगी दिल्यावर तिनं आईला मागं बसवून राहात्याला आणलं. भागिरथीनं वाटभर लेकीची कंबर सोडली नाही, आणि दोनदा सांगितलं, ‘‘बापावानी पळवू नगं.’’

प्रशांत काठी टेकून दारात उभा होता. सासूला बघून त्यानं खाटेवरची आपली उशी झटकली. ‘‘या आई, हितं पडा. आपून दोगं बी आजारी, दीपाला एकाच जागी बघता येईल.’’

भागिरथी खुदकन हसली आणि पडली. तिच्या पायांशी, प्लास्टरचा पाय लांब करून, प्रशांत बसला. दीपा चहा टाकायला आत गेली.