खरेदीदाराचं नाव: बेबी

माझं नाव बेबी. लाडाचं नाही हो, खरं. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सने कागदावर 'बेबी ऑफ सरूबाई' लिहिलं, आणि चौथी मुलगी म्हटल्यावर पुढे नाव ठेवायची तसदी कुणी घेतलीच नाही. शाळेत तेच, इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर तेच, सिंगापूरच्या ओळखपत्रावरही तेच; लग्नानंतर पुरं नाव बेबी उत्तम तायडे. उत्तम माझा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. तो म्हणायचा, "नाव बदलून घे गं, ऑफिसात लोक हसतात." मी म्हणायचे, "हसू देत. दात त्यांचेच दिसतात."

सिंगापुरात चोआ चू कांगला एकोणीस वर्षं भाड्याने काढल्यावर यंदा यिशुनला एक लहानसा काँडो, म्हणजे खाजगी सोसायटीतला फ्लॅट, मनात भरला. तिसरा मजला, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. माझ्या नावावर आजवर एक सायकलसुद्धा नव्हती. अकोल्याचं घर माझ्या पगारातून उभं राहिलं आणि थोरल्या दिरांच्या नावावर लागलं, 'बाईच्या नावावर कशाला' म्हणून. तेव्हा मी गप्प बसले, आणि त्याचा राग अजून पोटात आहे. म्हणून हे घर मला हवं होतं, आणि माझ्याच नावावर हवं होतं.

त्या काँडोच्या मालकाने विसार घेऊन 'ऑप्शन' दिला. म्हणजे चौदा दिवस ते घर फक्त माझ्यासाठी राखलेलं. चौदाव्या दिवशी चारच्या आत सही करून, पुढचा चेक जोडून कागद त्याच्या वकिलाकडे पोचला नाही, तर घरही गेलं आणि विसारही गेला.

आता प्रश्न आपल्या वकिलाचा. आमच्या मित्रमंडळात निशिकांत म्हणून एक बँकवाले आहेत, त्यांना विचारलं नाही तरी सांगतात. "वहिनी, कन्व्हेयन्सिंग, म्हणजे हे खरेदीखताचं काम, नुसते शिक्के मारायचे. एजंट सांगतो तीच फर्म घ्या. स्वस्तात काम, सगळं व्हॉट्सॲपवर. ऑफिसात जायलाच नको."

त्या फर्मला ओळखपत्राचा फोटो पाठवून मी फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "खरेदीदाराचं नाव?"

"बेबी."

"सो स्वीट! पण लहान मुलाच्या नावावर घेताय तर ट्रस्ट करावा लागेल हं. पालकांची नावं सांगा."

"बाळ बावन्न वर्षांचं आहे," मी म्हटलं.

ती हसत सुटली आणि मी फोन ठेवला. हसली त्याचं काही नाही. पण पाठवलेला फोटो तिने उघडलासुद्धा नव्हता. जिला एक फोटो उघडायचा कंटाळा, ती माझं घर काय तपासणार, डोंबल! दुसऱ्या ठिकाणी मी विचारलं, माझी फाईल नक्की कोण बघणार? तर म्हणे, "आमची टीम." टीमला नाव नसतं, आणि काही चुकलं तर फोन कुणाला करायचा तेही कळत नाही.

मग ऑफिसातल्या विनीताने मिसेस ओंग यांचं नाव सुचवलं. सेरंगूनला एका जुन्या इमारतीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. मी माझे प्रश्न लिहूनच नेले होते. मला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांच्या यादीत आहात का? हो. काम तुम्ही स्वतः बघणार का? हो. फीच्या वर आणखी काय काय लागेल? त्यांनी सगळं एका कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं. मग ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची फूटपट्टी काढली, ऑप्शनच्या पहिल्या ओळीखाली ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. पाण्याच्या प्लँटची ड्रॉइंग्ज मी अश्शीच वाचते. म्हटलं, बस, हीच आपली वकील.

तिसऱ्या ओळीवर पट्टी थांबली.

"मॅडम, उत्तम तायडे कोण?"

"माझा नवरा. वारला."

"मग तो घर का घेतोय?"

मी कागद ओढून घेतला. खरेदीदार: उत्तम तायडे. एजंटने बेबी हे लाडाचं समजून गाळून टाकलं होतं! तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधते मी, आणि हा कागद सहा दिवस माझ्या पर्समध्ये होता. मी तो चारदा वाचला होता. पण गॅसचं कार्ड, रेशनकार्ड, फोनचं बिल, आयुष्यभर कागदावर नवऱ्याचं नाव बघायची डोळ्यांना सवय. खटकलंच नाही. कप्पाळ माझं!

मिसेस ओंगनी लगेच दुरुस्ती मागितली. दोन दिवसांनी पलीकडच्या वकिलाचं उत्तर आलं: आमच्या अशिलाने ऑप्शन उत्तम तायडे यांना दिला आहे, या बाईंना आम्ही ओळखत नाही. एजंटकडून कळलं की घरमालकाला वाढीव भाव देणारं दुसरं गिऱ्हाईक आलंय. मुदत टळावी म्हणून तो टपूनच बसला होता. आता उत्तमला कुठून आणू सहीला?

ते उत्तर वाचायला मी ऑफिसात गेले तेव्हा माझी मुलगी मैत्रेयी सोबत होती. ही शाळेत मैत्रिणींना आईचं नाव बीना सांगायची. मला ते माहीत होतं, पण मी कधी बोलले नाही. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सी, आई? आय टोल्ड यू चेंज द नेम, लाह."

मिसेस ओंगनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नाव बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कागद चुकलाय."

बावन्न वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. डोळे भरून आले.

मग आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. महाराष्ट्रात बाईचं नाव कसं लिहितात, आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, ते मी स्वतः लिहिलं. नर्सने नाव कसं दिलं तेही लिहिलं. मैत्रेयीने शेजारी बसून इंग्रजी तपासलं. वाचताना मध्येच थांबून म्हणाली, "आई, हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस."

गुरुवारी मिसेस ओंगनी त्या वकिलाला आमच्यासमोरच, स्पीकरवर फोन लावला. आवाज अजिबात चढवला नाही.

"ऑप्शनवर नावापुढे ओळख क्रमांक छापलाय. तो कोणाचा?"

तो काहीतरी पुटपुटला.

"विसाराच्या चेकवर नाव कोणाचं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमच्या अशिलाने बेबीचे पैसे घेतले, बेबीचा नंबर लिहिला, आणि आता बेबी कोण ते माहीत नाही? उद्या हे लेखी द्या, मी कोर्टात वाचून दाखवते."

संध्याकाळी दुरुस्त केलेला ऑप्शन मालकाच्या सहीसकट आला. मिसेस ओंगनी पुन्हा पट्टी लावली आणि नाव अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं. मी सही केली. शुक्रवारी, चौदाव्या दिवशी, दोन वाजता त्या स्वतः जाऊन कागद पोचवून आल्या, वर वेळ लिहिलेली पोचही घेऊन आल्या. मी तिथेच, त्यांच्या ऑफिसात, टाळ्या पिटल्या. जिंकले होते मी!

अडीच महिन्यांनी किल्ल्या मिळाल्या. सरकारी नोंदीत मालक एकच: बेबी उत्तम तायडे. निशिकांतना कळवलं, तर म्हणतात, "वहिनी, त्या तुमच्या फूटपट्टीवाल्या बाईंचा नंबर द्या ना."

सामान घेऊन गेलो तेव्हा गेटवरच्या गार्डने वही उघडली. "ओनर्स नेम?"

मी तोंड उघडायच्या आत मैत्रेयी पुढे झाली. "बेबी."

"नो, नो. ओनर."

"येस लाह, ओनर! बी, ए, बी, वाय. माय मदर." इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या टॅक्सीवाल्यानेही मान वर केली.

गार्ड माझ्याकडे बघून हसायला लागला. म्हटलं, हस बाबा, खुशाल हस. पण आधी स्पेलिंग नीट लिही.