कोऱ्या भिंतीवरची छत्री

शाळेच्या मोठ्या बाई अचानक मागच्या बाकावर येऊन बसल्या. भाषेच्या बाईंनी लगबगीने प्रोजेक्टर लावला. उजळणीचा खेळ सोपा होता. भिंतीवर चित्र आलं, की शिकवलेला शब्द वर्गाने ओरडायचा.

घोडा, शिडी, कात्री! चित्र धड उमटायच्या आत पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"पोरं तयार आहेत हो तुमची," मोठ्या बाई म्हणाल्या.

तरी बाईंची चुळबूळ थांबेना. वर्षभर हीच चित्रं, ह्याच क्रमाने चालली होती. बदलू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं मेलं.

"आता शेवटचं हं," म्हणत त्यांनी बटण दाबलं, तोच वायर निसटली.

कोऱ्या भिंतीकडे बघत अख्खा वर्ग ओरडला, "छत्री!"