पिसाऱ्याचा किडा

डॉक्टरांनी बाबांना दोन महिने दिले, आणि तेही धरून चालू नका म्हणून सांगितलं. शोभेचे मासे विकणारा दुकानदार म्हणाला, खाऱ्या पाण्याची टाकी पिकायला दीड महिना लागतो, आणि तेवढा मात्र धरूनच चाला. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या वजाबाकी केली. पंधरा दिवस उरत होते, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर.

आमच्या घरात सुरळीत काही पार पडत नाही, कारण घरात मी आहे. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांना ब्रेक कुठे असतो ते शांतपणे दाखवते आणि घरी आले की मला माझाच सापडत नाही. हा राग मी आईकडून घेतला असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, माझ्याकडून घेतला असता तर धुऊन तरी वापरला असता.

आई एकतीस वर्षं हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, मोजून ठेवायच्या कामावर होती. बाबा पाणबुडे. बंदरात उभ्या जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं आणि त्यातच फुप्फुसं घालवली. आता नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन आणि समोर भिंत. आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला एक जखम नाही, छातीत एकदाही जंतू शिरला नाही, ते आईच्या हातांमुळे. ती दिवसातून तीनदा ती खोली पुसायची आणि प्रत्येक नळी उकळायची.

समोर टाकी ठेवली तर तीत तुम्हाला काय बघावंसं वाटतं, असं मी बाबांना विचारलं तेव्हा मला वाटलं होतं ते नारिंगी पट्ट्यांचे मासे म्हणतील. त्यांनी मान हलवली. जुन्या धक्क्याच्या खांबांवर एक किडा असतो, म्हणाले. बोटाएवढी नळी, आणि नळीच्या तोंडाशी पिसारा. वर यायची खूण म्हणून दोर हलेपर्यंत खाली थांबावं लागायचं, तेव्हा ते त्याच्यासमोरून हात फिरवायचे. सावली पडली की पिसारा गडप. मग तो परत बाहेर येईपर्यंत श्वास मोजायचे.

"खाली मला ओळखणारा तेवढाच होता," बाबा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना चार दम लागले.

दुकानदाराला मी किडा मागितला तेव्हा त्यानं मला नीट न्याहाळून घेतलं. लोक मासे मागतात, किडे फुकट येतात, म्हणाला. मग त्यानं मागच्या हौदातून तीन जिवंत दगड काढून दिले. दगड जिवंत म्हणजे त्यांच्या भोकाभोकांत जंतू असतात, आणि माशांची घाण तेच जंतू पचवतात. ते पुरेसे वाढले की पाणी पिकलं. त्यातल्या एका दगडावर चामड्यासारखी एक नळी होती. आत कुणी आहे की रिकामी, ते त्यालाही माहीत नव्हतं. दगडांवर तपकिरी शेवाळ चढेल, म्हणाला, ते चढलं की समजायचं गाडी रुळावर आली. तोपर्यंत मासे नाहीत, पोवळी नाहीत, काही नाही. "ताई, पहिला महिना यात एकच काम असतं. हात न लावणं."

हे मी आईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आजारी माणसाच्या खोलीत डबकं कशाला, या प्रश्नावरून आमचं आधीच वाजलं होतं आणि ती तोंड फिरवून बसली होती. जंतू वाढवायला आणलेत असं सांगितलं असतं तर टाकी दारातच अडली असती. हत्यारं धुणाऱ्या बाईच्या घरात जंतू आणले आणि तिलाच कळू दिलं नाही, यापेक्षा मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही.

साठ लिटरची टाकी बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला बसवली. शुद्ध पाण्यात दुकानातलं मीठ ढवळलं, खारटपणा मोजला, खाली वाळू, वर दगड, एक हीटर, एक पंप. बाबा ढगाळ पाण्याकडे तासन् तास बघत राहायचे. तिसऱ्या आठवड्यात दगड तपकिरी झाले. बाविसाव्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी सहज वाकून बघितलं, तर नळीच्या तोंडाशी पिसारा उघडला होता. तांबूस, पांढऱ्या कडांचा, माझ्या अंगठ्याएवढा.

बाबा रात्रभर खोकून नुकते झोपले होते. उठवावं का? मी अर्धा मिनिट दारात उभी राहिले. संध्याकाळी दाखवू म्हटलं आणि गेले. ते अर्धं मिनिट मला अजून झोपू देत नाही.

संध्याकाळी आले तर टाकी लखलखत होती. दगड पांढरेफटक. वाळूसुद्धा धुतलेली. बाबांना सकाळपासून कफ सुटत होता आणि आईला त्या तपकिरी बुळबुळीत थरात बुरशी दिसली. तिनं सगळे दगड काढले, घासले, त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि सगळं पुन्हा नीट मांडून ठेवलं. पाणीसुद्धा नवं, मी डब्यावर लिहिलेल्या मापानं बरोबर तेवढंच मीठ घालून.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तू माणूस जगवत नाहीस, त्याला नुसती धुतेस, असं म्हटलं. एवढं लिहिलं तरी पुरे. टाकी बाबांच्या खोलीत, म्हणजे भांडणही त्यांच्याच खोलीत. आई ओला फडका हातात घेऊन उभी होती आणि काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

"तिला ओरडू नकोस," बाबा म्हणाले. मग दम गोळा केला. "ती धुते... म्हणून मी आहे."

मग मी रडतच सांगितलं. जंतूंचं, शेवाळाचं, पिसाऱ्याचं. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईनं सगळं ऐकलं, आत गेली आणि एक झाकणाची बाटली घेऊन आली.

हॉस्पिटलात तिचा एक नियम होता. माणसाच्या शरीरातून काही काढलं तर डॉक्टरांनी बघितल्याशिवाय ते फेकायचं नाही. ज्यातून काढलं त्याच्याच थोड्या पाण्यात बाटलीत ठेवायचं, वर तारीख आणि वेळ लिहायची. दगड उकळायच्या आधी तिनं चिमट्यानं ती नळी सोडवली होती, कारण ती दगडाची वाटली नाही. बाटलीवर तारीख होती. वेळ, बारा वाजून दहा मिनिटं. आत टाकीचं जुनं पाणी, तळाशी नळी, आणि पाण्यावर गळून पडलेला पिसारा.

बाटली छातीशी धरून मी दुकान गाठलं. बैल गेला आणि झोपा केला, असं दुकानदाराच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. धक्का बसला की पिसारा टाकतात, म्हणाला. आत जिवंत असेल तर दोनतीन आठवड्यांनी नवा फुटतो. मेला असेल तर वास येईल. त्यानं स्वतःच्या जुन्या टाकीतला एक पिकलेला दगड दिला, नळी त्याच्याशेजारी टाकीत ठेवायला आणि रोज थोडं पाणी बदलायला सांगितलं.

ते पाणी आईनं बदललं. माझ्या हाती काही ठेवलंच नाही. रोज सकाळी तीच वेळ, तेच माप, आधी बाबांचं तापमान, मग टाकीचं, एकाच वहीत. दगडांवर पुन्हा तपकिरी थर चढला तेव्हा तिचे हात शिवशिवताना मला दिसले. ते मांडीखाली घेऊन ती स्टुलावर बसली. रोज टाकीवर वाकून पाण्याचा वास घ्यायची आणि वहीत लिहायची: नाही.

बाबा रोज विचारायचे, आला का. मग नुसतं भुवईनं विचारायला लागले. पस्तिसाव्या दिवसानंतर तेही थांबलं. एकोणचाळिसाव्या दिवशी त्यांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल किंवा नसेल. मला टाकी उचलून खिडकीबाहेर फेकावीशी वाटली. चाळिसाव्या दिवशीही आईनं पाणी बदललं.

एकेचाळिसाव्या दिवशी मी शिकवणीच्या गाडीत होते. आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ये." स्टिअरिंगवर तिसऱ्याच धड्याची बाई होती, तिनंच मला घरी आणून सोडलं. जिना चढताना मी मनात म्हणत होते की संपलं, संपलं.

बाबांचा श्वास चालू होता. तुटक, पण चालू. आईनं पलंग ओढून टाकीला टेकवला होता, तिच्या वयाला ते कसं जमलं कोण जाणे. नळीतून पिसारा बाहेर आला होता. पहिल्याच्या निम्मासुद्धा नव्हता, एका बाजूला वाकडा, जवळजवळ रंगहीन. बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"मी हाका मारल्या," आई म्हणाली. "उघडत नाहीत."

मी खाली बसले. झालं ते सगळं फुकट, असं मला वाटलं, आणि तोंडून तसं निघालंही. आईनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं बाबांचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि काचेसमोरून हळूच फिरवला. बोटांची सावली पिसाऱ्यावर पडली, आणि पिसारा एका झटक्यात आत गेला.

आई त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो," म्हणाली, "ओळखलं त्यानं तुम्हाला."

बाबांचे डोळे उघडले नाहीत. बोटं हलली असं आई म्हणते, मला दिसलं नाही. पिसारा पुन्हा बाहेर यायला वेळ लागला. बाबांचे श्वास मी मोजले, ते एकशे बारा झाले. तोपर्यंत आईनं त्यांचा हात तसाच काचेशी धरून ठेवला होता.