हो रे बाबा

त्याने काट्याच्या टोकाने ढोबळी मिरचीची पट्टी उचलली आणि आपल्या ताटलीच्या कडेला ठेवली. मग दुसरी. लेकीच्या पिझ्झावरची मिरची काढून देणं हे त्याचं ठरलेलं काम, ती तीन वर्षांची होती तेव्हापासूनचं. खालचं चीज ओढलं जाऊ न देता पट्टी सोडवायची तर हात स्थिर लागतो, आणि चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं काचा घासून त्याचा हात चांगलाच बसला होता.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "मी खाते आता मिरची."

"तू? ढोबळी मिरची? कधीपासून?"

"झाले की चार-पाच महिने. काका भाजून देतो. मग कडू नाही लागत."

काका म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. त्याला बाबा म्हणू नकोस, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं, आणि एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर याने तीन वर्षं काढली होती. बायको गेली, घर मोडलं, पण बाबा हा शब्द अजून आपल्या नावावर आहे! महिन्यातला एक शनिवार आणि तो शब्द.

काढलेल्या पट्ट्या परत ठेवाव्यात की काय, असं त्याला क्षणभर वाटलं. शेवटी त्याने त्या स्वतःच खाल्ल्या. कडूच होत्या.

"चष्मा नवा दिसतोय."

"हो. पाऊण नंबर आला."

"मला नाही का सांगायचं, ठमे? आपल्या दुकानात..."

"शाळेजवळच घेतला. आणि ठमी नका ना म्हणू. सातवीत आहे मी."

चष्मा तिच्या नाकावरून सारखा घसरत होता. दांडी कानामागे जराशी वाकवली की झालं, दोन मिनिटांचं काम. त्याचा हात टेबलावरून पुढे गेलासुद्धा. तिने मान मागे घेतली आणि बोटाने चष्मा वर सरकवला. कुणा गाढवाने बसवलाय, असं तो मनात म्हणाला.

भट्टीजवळून हॉटेलच्या मालकीणबाई स्वतः सरबताचे पेले घेऊन आल्या. शनिवारची दुपार, आठातली पाच टेबलं भरलेली, तरी त्यांना बोलायला सवड होती.

"किती गोड बोलते हो तुमची लेक! बापाला चक्क अहो-जाहो! आमची कार्टी तर मला नावाने हाका मारतात."

"वळण आहे," तो म्हणाला आणि हसला. पण त्याला ते लागलं.

कारण ते वळण त्यानेच लावलं होतं. ती सात वर्षांची असताना दुकानाचे मालक सपत्नीक जेवायला आले होते. ताटं वाढलेली, आणि ही आतून ओरडली, "अरे बाबा, तुझी चड्डी बाथरूममध्येच पडलीये!" मालक पोट धरून हसले. हाही हसला असता तर काय बिघडलं असतं? पण पाहुणे गेल्यावर त्याने तिचा कान पिळला. "चार लोकांत बरं दिसतं का? बापाला अरे-तुरे? उद्यापासून अहो म्हणायचं." त्याला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरेल. पोरीने पाच वर्षं शब्द पाळला होता.

आज मात्र त्याला एकच गोष्ट विचारायची होती. तिच्या आईने फोनवर बजावलं होतं, "ती हो म्हणाली तर माझी ना नाही. पण विचारायचं तू, आणि जबरदस्ती करायची नाही." आठवडाभर तो आरशासमोर वाक्य जुळवत होता.

"सुट्टीत येशील का राहायला? महिनाभर. नाहीतर पंधरा दिवस. आतली खोली रंगवून घेतलीये. पिवळा दिलाय."

तिने कागदी रुमालाची घडी घातली, मग घडीची घडी.

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं नाही गं. तुला काय वाटतं?"

"चालेल मला. तुम्ही सांगाल तेव्हा येईन."

होकारच होता हा. मुख्याध्यापकांना द्यावा तसा. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"काय रे?" ती खुर्चीत वळली आणि तिचा चेहराच बदलला. "अरे, आत्ता तर आलोय! ... खाल्ली रे, पण तुझ्यासारखी नाही भाजत हे लोक. ... ए, मला सोडून मॅच लावायची नाही हं! ... हो रे बाबा, येते!"

रे बाबा. बोलायची पद्धत ती. भाजीवाल्याला म्हणतात, वैतागून मांजरालासुद्धा म्हणतात. त्यातला बाबा कुणीच नसतो, हे त्याला कळत होतं. तरी त्या माणसाचा त्याला हेवा वाटला.

"सुट्टीचं या वेळी राहू दे," तो म्हणाला. "रंगाचा वास जात नाहीये खोलीतून. उगाच त्रास होईल तुला."

"बरं," ती म्हणाली. लगेच म्हणाली. मग तिने ताटलीतला तुकडा उचलला आणि पहिल्यांदाच पोटभर खायला लागली, मिरचीसकट.

निघताना दाराशी त्याला राहवलं नाही.

"ए, एकदा अरे म्हण ना मला. पहिल्यासारखं."

तिने वळून बघितलं. मालकीणबाई त्यांच्याकडेच बघून कौतुकाने हसत होत्या. ती त्याच्याजवळ सरकली आणि त्यालाच ऐकू येईल अशा बेताने हळूच म्हणाली,

"नको बाबा. चार लोकांत बरं नाही दिसत."

मग तिने चष्मा वर सरकवला आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं. "या," ती म्हणाली.